शंभरापैकी ब्याऐंशी

सकाळी सव्वासातला भाचीचा व्हॉट्सॲप मेसेज आला. आधी तीन हसरे चेहरे, मग एक पीडीएफ आणि खाली ओळ: "मावशी, ८२ आले!"

मी घणसोली स्टेशनचा जिना चढत होते. क्षणभर वाटलं, हिने गरोदरपणात कुठली परीक्षा दिली बाई? फाइल उघडली तर पहिल्याच पानावर गाडीच्या स्पीडोमीटरसारखी तबकडी. लाल, पिवळा, हिरवा असे तीन पट्टे आणि काटा हिरव्यात, ८२ वर. वर ठळक अक्षरांत ‘बाळाच्या मेंदूचा विकास निर्देशांक’, खाली निळ्या डोळ्यांचं गुटगुटीत बाळ. भाचीला तेव्हा अकरावा आठवडा लागला होता. त्या वेळी बाळ लिंबाएवढं असतं, मेंदू पार गुळगुळीत असतो, घड्या पडायला अजून अवकाश असतो. त्याला ८२ गुण कोणी दिले, आणि कशाचे?

ठाणे-बेलापूर रोडवरच्या लॅबांमध्ये मी तेवीस वर्षं काढली. रिपोर्टचं पहिलं पान मी वाचत नाही, ते मार्केटिंगवाल्यांचं असतं. आमचं पान शेवटचं. इथे ते चौथं होतं आणि त्यावर बारीक टायपात खरे आकडे होते. हिमोग्लोबिन १०.४. फेरिटिन ९. टीएसएच ६.८, आणि त्यापुढे ठळक ‘एच’ (हाय). म्हणजे पोरीच्या अंगात रक्त कमी, लोहाचा साठा तळाला गेलेला, थायरॉइड मंदावलेली. आणि काटा हिरव्यात.

मी तिला फोन लावला. "चौथं पान बघितलंस का गं?"

"चार पानं आहेत?" ती म्हणाली.

हे पॅकेज तिने घेतलं कुठे, तर सोसायटीच्या हॉलमध्ये. एका रविवारी ‘होणाऱ्या आईबाबांसाठी मार्गदर्शन’ होतं, सोबत समोसा-चहा. बोलायला आलेला मुलगा पंचविशीचा, गळ्यात आयकार्ड. त्याची पहिली स्लाइड अभिमन्यूची. सुभद्रेच्या पोटात असताना चक्रव्यूह ऐकला, म्हणजे गर्भातच मेंदू शिकतो, म्हणून तो ‘ट्रॅक’ करायला हवा, असा त्याचा ओघ. मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "अहो, पण तो शेवटी गेलाच ना हो?" हॉल हसला. मुलगाही हसला आणि पुढची स्लाइड आली: फक्त ६,९९९ रुपये, आजच्या आज नोंदवलं तर पाचशे कमी. भाचीने पाचशे वाचवले.

मी त्या मुलाला किंवा त्याच्या कंपनीला बोल लावायला बसलेले नाही. गर्भसंस्कारांचे वर्ग, पोटाला लावायचे हेडफोन, ‘तेजस्वी बाळा’साठीचं तूप, हे सगळं आपण आधीच हौसेने घेत होतो. त्या दुकानात आता रक्ताची ट्यूब आली, एवढाच फरक. पण हा फरक लहान नाही. तुपाला कोणी रिपोर्ट म्हणत नाही. ट्यूबवर बारकोड लागला, खाली सही आली, की माणसं त्यावर निर्णय घेतात.

आमच्या पहिल्या लॅबमध्ये एक सीनियर सर होते. मार्केटिंगवाले नवी टेस्ट घेऊन आले की ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि एकच विचारायचे, "बरं, हा रिपोर्ट आला. मग काय?" समोरच्याला सांगता आलं नाही की फाइल परत त्याच्याकडे सरकवायची. आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाच्या मेंदूचा अंदाज घ्यायचं शास्त्र आता खरोखर उभं राहतंय. ते बाजारात कोणत्या दाराने येऊ द्यायचं, हे ठरवताना मला सरांच्या त्या दोन शब्दांपेक्षा चांगली चाळणी सापडलेली नाही. ज्या तपासणीच्या ‘मग काय?’ला उत्तर आहे, ती महापालिकेच्या दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईला फुकट मिळाली पाहिजे. जिला उत्तर नाही, ती संशोधनात राहावी. सोसायटीच्या हॉलमध्ये येऊ नये.

आधी शास्त्र काय म्हणतं ते बघू, कारण ते खरंच विलक्षण आहे आणि तबकडीवाल्यांच्या हातात देण्याइतकं स्वस्त नाही.

१९९७ साली डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा निबंध छापला. त्याआधी कर्करोगाच्या गाठीतून सुटलेला डीएनए रुग्णाच्या रक्तद्रवात सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. लो यांनी विचार केला, गाठ जर डीएनए सोडते, तर पोटात वाढणारं बाळ का नाही सोडणार? तोवर सगळे आईच्या रक्तात बाळाच्या अख्ख्या पेशी शोधत होते आणि त्या सापडता सापडत नव्हत्या. लो यांनी पेशी बाजूला ठेवल्या आणि आपण लॅबवाले ज्याला ‘वरचं पाणी’ म्हणतो त्या प्लाझ्मात पाहिलं. मुलगा पोटात असलेल्या ३० बायकांपैकी २४ जणींच्या प्लाझ्मात वाय गुणसूत्राचे तुकडे मिळाले. आईकडे वाय नसतोच, म्हणजे ते बाळाचे.

इथे जरा थांबा. या शास्त्राचा पहिलावहिला पुरावाच ‘मुलगा आहे’ हा होता. म्हणजे जे सांगणं आपल्याकडे गुन्हा आहे, तिथूनच ही वाट सुरू होते. त्याकडे नंतर येते.

त्या शोधातूनच पुढे एनआयपीटी आली, आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं तपासणारी टेस्ट. परदेशात २०११ पासून ती दवाखान्यांत मिळू लागली, आता वाशी-नेरूळमध्येही डॉक्टर लिहून देतात. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या प्लाझ्मातल्या मोकळ्या डीएनएपैकी साधारण दहा टक्के बाळाकडचा असतो. पण ‘बाळाकडचा’ म्हणजे मुख्यतः वारेचा. वार आणि बाळ एकाच फलित बीजातून आलेले असल्याने गुणसूत्रं मोजायला ते पुरतं. डाउन सिंड्रोमची शक्यता चांगल्यापैकी कळते. मेंदू कसा घडतोय, हे मात्र त्यातून कळत नाही.

या टेस्टचं सॅम्पल हाताळलेल्यांना ते किती नाजूक प्रकरण आहे ते माहीत असतं. साध्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त तासन्‌तास पडलं की आईच्या पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए सांडतो आणि बाळाचा दहा टक्के वाटा पातळ होत जातो, वरणात पाणी घालत गेल्यासारखा. म्हणून पेशी फुटू न देणारी खास ट्यूब वापरतात. ती भरली की हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, झटकायची नाही. भर मेमध्ये मुंब्र्याहून स्कूटरच्या डिकीतून आलेली ट्यूब मी परत पाठवलेली आहे. पेशंट चिडते, परत सुई टोचावी लागते. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मेंदूकडे जायची वाट डीएनएतून नाही, आरएनएतून जाते. डीएनए म्हणजे घरातली पाककृतींची वही, प्रत्येक पेशीत तीच. आरएनए म्हणजे आज शेगडीवर काय चढलंय ते. यकृतात वेगळं शिजतं, मेंदूत वेगळं. स्टॅनफर्डच्या स्टीफन क्वेक यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं, की गरोदर बाईच्या प्लाझ्मात बाळाच्या वाढत्या मेंदूतल्या जनुकांचा आरएनएही सापडतो. म्हणजे स्वयंपाकघराचं दार बंद असलं तरी वास बाहेर येतो. आणखी काही संशोधक पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुड्या पकडतात, त्यांना एक्सोसोम म्हणतात. बाळाच्या मेंदूतल्या मज्जापेशींतून निघालेल्या पुड्या त्यांच्या पृष्ठभागावरच्या खुणेवरून वेगळ्या काढायच्या आणि आतली प्रथिनं मोजायची. आईने गरोदरपणात दारू घेतली असेल तर त्यात काय फरक दिसतो, यावर असा अभ्यास झालेला आहे. पण तो लहान गटांवर.

अडचण कुठे आहे? एक तर मेंदूतून येणारा आरएनए अगदीच चिमूटभर. वार, यकृत आणि आईच्या स्वतःच्या रक्तपेशींच्या कल्लोळात तो ऐकायचा. दुसरं म्हणजे आईलाही मेंदू असतो. (गरोदर बाईशी लोक ज्या तऱ्हेने बोलतात ते ऐकलं तर ही गोष्ट विसरायला होते खरी.) तिच्या मेंदूतूनही तसेच आरएनए बाहेर पडतात, त्यामुळे फक्त गर्भातच चालू असणाऱ्या जनुकांवर भिस्त ठेवावी लागते. तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. जे सापडलं त्याचा अर्थ काय? तिसाव्या आठवड्यात एखाद्या जनुकाचा आरएनए थोडा कमी असला, तर ते मूल सहाव्या वर्षी कसं बोलेल? हे सांगायचं तर हजारो आयांचं रक्त घेऊन त्यांची मुलं शाळेत जाईपर्यंत वाट पाहावी लागेल. त्याला फाटा देऊन कोणी निर्देशांक छापत असेल, तर तो आकडा लॅबमधून आलेला नाही, डिझायनरकडून आलेला आहे.

भाचीच्या पॅकेजात आरएनए नव्हता, एक्सोसोम तर नव्हतेच. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच आणि साखर, एवढंच होतं. नेहमीच्या तपासण्यांना नवा झगा घालून वर तबकडी बसवली होती. कुठल्या सूत्राने १०.४ आणि ६.८ मधून ८२ तयार झाले, ते चारही पानांवर लिहिलेलं नाही.

समजा, उद्या अस्सल टेस्ट आली. तरी गणित सुटत नाही, आणि हे गणित आठवीतल्या मुलालाही जमेल. एक गंभीर मेंदूदोष हजारात एका बाळाला होतो असं धरा. टेस्ट ९९ टक्के अचूक, म्हणजे दोष असलेल्या शंभरांतली नव्याण्णव पकडते आणि नसलेल्या शंभरांत एकीलाच चुकून घाबरवते. हजार बायकांची तपासणी केली. खरा दोष असलेली एक जवळजवळ नक्की सापडेल. पण उरलेल्या ९९९ पैकी दहा जणींचा रिपोर्टही लाल येईल. अकरा लाल रिपोर्टांत खरा एक. ब्रोशरवर मात्र ‘९९% अचूक’ लिहायला कोणाची हरकत नाही, आणि ते खोटंही नसेल.

हे कागदावरचं भय नाही. एनआयपीटी नेहमीच्या तीन गुणसूत्रांच्या पलीकडे, फार दुर्मीळ आजारांसाठी विकायला सुरुवात झाली तेव्हा अमेरिकेत नेमकं हेच घडलं. जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिलं, की त्यातल्या काही दुर्मीळ आजारांबाबतचे धोक्याचे रिपोर्ट बहुतेक वेळा चुकीचे निघतात. एप्रिलमध्ये तिथल्या एफडीएला, म्हणजे औषध-नियामकाला, लोकांना सावध करणारं निवेदन काढावं लागलं: ही चाळणी आहे, निदान नाही, केवळ हिच्यावर गर्भाबद्दलचा निर्णय घेऊ नका.

चाळणी आणि निदान यांतला हा फरक आपल्याकडे काउंटरवर कोण समजावतं? मी पाहिलेलं सांगते. डबल मार्करचा, म्हणजे आईच्या रक्तावरून डाउन सिंड्रोमचा धोका मोजणाऱ्या टेस्टचा, ‘हाय रिस्क’ रिपोर्ट घेऊन एक जोडपं आमच्या रिसेप्शनवर उभं होतं. १:१८०. नवऱ्याने विचारलं, "म्हणजे १८० टक्के धोका?" रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "डॉक्टरांना दाखवा." मी आतून ऐकत होते. बाहेर येऊन सांगावं असं वाटलं आणि मी गेले नाही, कारण ते आमचं काम नाही असा नियम होता. एकशे ऐंशीतल्या एकशे एकोणऐंशी वेळा बाळ ठीक असतं, एवढं एक वाक्य. मला ते सांगता आलं असतं. ती बाई ज्या तऱ्हेने ट्यूबलाइटकडे बघत उभी होती ते आजही डोळ्यांसमोर येतं.

डाउन सिंड्रोमचं उत्तर निदान हो किंवा नाही असं तरी असतं. गर्भजल तपासून पक्कं करता येतं. ‘मेंदूचा विकास’ असा हो-नाहीत बसत नाही. ऑटिझमशी शेकडो जनुकांचा संबंध लावलेला आहे, आणि तीच जनुकं असलेली दोन मुलं दोन तऱ्हांनी वाढतात. जन्माच्या वेळी मेंदू साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा असतो आणि पहिल्याच वर्षात जवळपास दुप्पट होतो. जोडण्यांचा मोठा पसारा तर जन्मानंतर, बोलण्या-खेळण्यात, जेवणाखाण्यात उभा राहतो. पोटातला गुण देऊन टाकला की या सगळ्याचं काय करायचं?

आता कायद्याकडे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. एवढं करूनही २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. कायदा असला म्हणजे बाजार थांबतो, असं निदान मी तरी म्हणणार नाही. पण कायदा नसेल तर काय होतं, त्याची कल्पनाही करवत नाही.

या कायद्यात प्रसूतिपूर्व निदान कशाकशासाठी करता येईल याची यादी आहे: गुणसूत्रांतले दोष, जनुकीय चयापचयाचे आजार, हिमोग्लोबिनचे आजार, लिंगाशी जोडलेले आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंगं. ‘बाळ हुशार निघेल का’ त्यात नाही. पण जाहिरातीवरची बंदी लिंगनिदान आणि लिंगनिवडीपुरतीच आहे. त्यामुळे ‘मुलगा की मुलगी सांगतो’ असा बोर्ड कोणी लावला तर तुरुंगात जाईल, आणि ‘बाळाच्या मेंदूचे गुण सांगतो’ असा बोर्ड घोडबंदर रोडच्या होर्डिंगवर बिनदिक्कत झळकू शकेल. ही फट बुजवायला हवी, आणि टेस्ट यायच्या आधी बुजवायला हवी. सोनोग्राफीच्या बाबतीत आपण उलटं केलं. मशीन गल्लोगल्ली पोचली, मग कायदा मागून धावला.

गर्भपाताच्या कायद्याशीही याचा थेट संबंध आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांची झाली. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर परवानगी मिळते. आरएनएतून येणारी मेंदूविषयीची माहिती गर्भ जसजसा वाढतो तसतशी स्पष्ट होत जाणार, म्हणजे ती उशिरा येणार. सव्वीसाव्या आठवड्यात हातात पडलेला, पिवळ्या पट्ट्यातला एक काटा घेऊन एखादं जोडपं मंडळासमोर काय मांडणार? मंडळ तरी कशाच्या आधारावर ठरवणार? गर्भपाताचा निर्णय बाईचा असावा या मताची मी आहे, आणि म्हणूनच तो तिने अर्ध्याकच्च्या आकड्यावर घ्यायला लागू नये असंही मला वाटतं.

यावर माझ्याच जुन्या सहकारिणीने मला झापलं. ती म्हणाली, "तुझ्यासारख्यांनी एनआयपीटीलाही असंच थोपवलं असतं." तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. काही आयांना फक्त तयारीसाठी जाणून घ्यायचं असतं, तो त्यांचा हक्क आहे. आणि या शास्त्राची एक शाखा अशी आहे की तिच्या ‘मग काय?’ला ठोस उत्तर मिळू शकतं. आईच्या रक्तातल्या आरएनएवरून प्रसूती वेळेआधी होईल का, रक्तदाबाचा प्री-एक्लॅम्प्सिया हा धोकादायक आजार होईल का, याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न २०१८ पासून ‘सायन्स’ आणि ‘नेचर’मध्ये छापून आले आहेत. वेळेआधी जन्मणं हे मेंदूला इजा होण्याचं मोठं कारण. आधी कळलं तर आईला मोठ्या रुग्णालयात हलवता येतं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइड देता येतं, मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट देता येतं. शहापूरच्या पाड्यावरच्या बाईला हे पंधरा दिवस आधी कळणं म्हणजे काय, ते ॲम्ब्युलन्सची वाट पाहिलेल्यालाच कळेल. अशी टेस्ट पक्की झाली तर ती पहिल्यांदा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात यावी, आणि मी स्वतः तिथे ट्यूबा उलटसुलट करायला जाईन.

तोवर चौथ्या पानाचं काय?

थायरॉइडचंच घ्या. पहिल्या काही महिन्यांत बाळाची थायरॉइड कामाला लागलेली नसते, त्याचा मेंदू आईच्या हार्मोनवर वाढतो. १९९९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, गरोदरपणी थायरॉइड कमी असूनही उपचार न झालेल्या बायकांची मुलं सात ते नऊ वर्षांची झाल्यावर तपासली. त्यांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला. हे मी कितीतरी वर्षं सांगत होते. मग २०१२ साली जवळजवळ बावीस हजार गरोदर बायकांवरची एक मोठी चाचणी आली. तिच्यात तपासणी करून गोळी दिलेल्या गटातल्या मुलांचा बुद्ध्यंक तीन वर्षांच्या वयात काही वेगळा दिसला नाही. गोळी सुरू व्हायलाच तेरावा आठवडा उजाडला होता, तो उशीर होता का, यावर वाद आहे. मला ही चाचणी गैरसोयीची आहे, तरी सांगते, कारण थायरॉइडइतकी जुनी, पाच-सात वर्षं मुलांमागे जाऊन अभ्यासलेली गोष्टही इतकी अवघड निघते, तर अकराव्या आठवड्यातले ८२ गुण कशाच्या जोरावर? स्पष्ट वाढलेल्या टीएसएचला मात्र उपाय आहे, स्वस्त आहे, आणि आईच्या तब्येतीसाठीही तो हवाच. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना जोखमीच्या गरोदर बायकांचीच टीएसएच करा म्हणतात. भाची त्या यादीत बसलीच नसती. वय सत्तावीस, घरात कोणाला थायरॉइड नाही. तुर्भ्याच्या एमआयडीसीत रोज देशभरातल्या रक्ताच्या ट्यूबा उतरतात. त्याच तुर्भे स्टोअरच्या वस्तीतल्या गरोदर बाईची टीएसएच मात्र ‘जोखीम’ असेल तरच.

लोहाची कथा तर आणखी साधी. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायका, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ५२ टक्के, ॲनिमिक आहेत. लोह कमी पडलं तर बाळाच्या मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागाची वाढ आणि मज्जातंतूंवरचं आवरण यांवर परिणाम होतो. गोळी फुकट मिळते. ती खाल्ली जात नाही, कारण तिने मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही हे सांगायला आशाताईंकडे दोन मिनिटंही नसतात. आणि फोलिक ॲसिड! मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच मिटते, म्हणजे पाळी चुकल्याची खात्री होईपर्यंत बरंचसं होऊन गेलेलं असतं. ती नीट न मिटण्याचा दोष असलेलं मूल आधी झालेल्या बायकांना गर्भधारणेआधीपासून फोलिक ॲसिड दिलं तर तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१ साली सिद्ध झालं. इतका खणखणीत आकडा या क्षेत्रात क्वचित मिळतो. त्याची तबकडी कोणी बनवत नाही, कारण गोळी रुपयाची आहे.

आणि तपासणीत खरंच काही निघालं, किंवा निघालं नाही तरी मूल वेगळं जन्माला आलं, तर? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मजात दोष आणि विकासातला उशीर लवकर हेरायचा आणि जिल्ह्याच्या केंद्रात उपचार द्यायचे, अशी ती योजना. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, ठाण्यात महापालिकेची विशेष मुलांची जिद्द शाळा आहे. तिथली माणसं मन लावून काम करतात. ट्रान्सहार्बर लाइनला दुपारच्या गाडीत एक आई मला अनेकदा भेटते. मांडीवर आठ-नऊ वर्षांचा मुलगा, पायांना कॅलिपर. थेरपीला जायला तिला दोन गाड्या आणि एक रिक्षा बदलावी लागते. एकदा मी तिला या नव्या टेस्टांबद्दल सांगितलं. तिने विचारलं, "त्यात थेरपी जवळ मिळते का?" मी गप्प बसले.

महापालिकांकडे माझं मागणं फार नाही. नवी मुंबई तर श्रीमंत महापालिका म्हणून मिरवते. पहिल्याच भेटीत प्रत्येक गरोदर बाईचं हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच, जोखीम असो-नसो. प्रत्येक मोठ्या प्रसूतिगृहात एक समुपदेशक, जिला १:१८० मराठीत समजावता येईल आणि त्यासाठी वीस मिनिटं मिळतील. राज्याने गर्भाच्या मेंदूविषयी, बुद्धीविषयी, स्वभावाविषयी भाकीत करणाऱ्या तपासण्यांच्या जाहिरातीला लिंगनिदानाच्या जाहिरातीइतकीच कडक बंदी घालावी. आणि ज्या कंपनीला अशी टेस्ट विकायची आहे तिने आधी आपल्याच आयांवर, आपल्याच मुलांवर, नैतिक समितीच्या परवानगीने, पैसे न घेता ती सिद्ध करून दाखवावी. मुलं शाळेत जाईपर्यंत थांबायची तयारी नसेल तर गुणही देऊ नयेत.

भाचीला मी त्याच संध्याकाळी तिच्या डॉक्टरकडे नेलं. बाईंनी पहिली तीन पानं उलटली, चौथ्यावर थांबल्या आणि थायरॉक्सिन लिहून दिलं. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. लोहाची गोळी वेगळ्या वेळी, दोन्हींत चार तासांचं अंतर, नाहीतर लोह थायरॉक्सिनला अंगी लागू देत नाही. जावईबापूंनी फोनमध्ये दोन अलार्म लावले. तबकडीबद्दल बाई काही बोलल्या नाहीत.

चार आठवड्यांनी पुन्हा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं. रिपोर्ट एका पानाचा आला. जावयाने घाईघाईने फोन केला. "मावशी, टीएसएच २.१ आलं."

"छान आहे की."

तो जरा घुटमळला. "कितीपैकी?"